३२ पानांचा केसपेपर

फ्रँकफर्टच्या नगरपालिकेच्या मनोरुग्णालयात २६ नोव्हेंबर १९०१ रोजी दुपारच्या जेवणाला फुलकोबी आणि डुकराचे मांस होते. सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या इस्पितळात अमुक दिवशी काय शिजले, हे आज आपल्याला ठाऊक असण्याचे खरे तर काही कारण नाही. ते ठाऊक आहे, कारण आदल्या दिवशी दाखल झालेल्या ५१ वर्षांच्या एका बाईंना जेवता जेवता डॉक्टरांनी विचारले, ‘काय खाताय?’ बाई म्हणाल्या, ‘पालक.’ मांसाचा घास तोंडात असताना पुन्हा तेच विचारले, तर आधी बटाटे खायचे आणि मग हॉर्सरॅडिश, असे उत्तर आले. डॉक्टरांनी ताटात काय होते ते टिपले आणि बाई काय म्हणाल्या तेही टिपले.

डॉक्टरांचे नाव अलॉइस अल्झायमर, वय ३७. ‘आजोबांना अल्झायमर आहे’ असे घरोघरी म्हटले जाते, तेव्हा हे कुणा माणसाचे आडनाव होते याची आठवणही कुणाला नसते. ज्यांना असते ते त्याची गोष्ट थोडक्यात सांगतात. एका जर्मन डॉक्टरने सूक्ष्मदर्शकातून मेंदू पाहिला, नवा रोग शोधला आणि रोगाला त्याचे नाव पडले. गोष्ट खोटी नाही. पण मूळ कागद तारखेच्या क्रमाने समोर मांडले की तिचे सांधे खिळखिळे दिसू लागतात. नाव दुसऱ्याच माणसाने दिले होते. ज्याचे नाव दिले, तो वर्षभरात त्याच रोगाच्या वेगळेपणाबद्दल शंका मांडत होता. आणि त्याच्या हातचा जो कागद आज सर्वाधिक बोलतो, तो त्याने छापलाच नव्हता.

या गोष्टीची साधने तीन प्रकारची आहेत: रुग्णालयातला हस्तलिखित केसपेपर, १९०७ ते १९११ या काळातला छापील मजकूर आणि मेंदूच्या पातळ चकत्या चिकटवलेल्या काचपट्ट्या. छापील मजकूर ग्रंथालयांत कायम उपलब्ध होता. बाकीच्या दोन गोष्टी विसाव्या शतकाच्या अखेरीस, काही वर्षांच्या अंतराने हाती आल्या.

निळ्या पुठ्ठ्यातले कागद

२१ डिसेंबर १९९५ रोजी फ्रँकफर्ट विद्यापीठाच्या मनोविकार विभागाच्या दप्तरात प्राध्यापक कोन्राड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निळ्या पुठ्ठ्याची एक फाइल सापडली. ती हरवली असेच सगळे धरून चालले होते. आत ३२ पाने होती. त्यांत दाखल करतानाचा अहवाल, रुग्णाचा पूर्वेतिहास, अल्झायमरांनी स्वतः लिहिलेली नोव्हेंबर १९०१च्या अखेरच्या दिवसांतली टिपणे, रुग्णाच्या अक्षराचा नमुना आणि छायाचित्रे होती. माउरर यांनी १९९७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात या फाइलीचा परिचय छापला, तेव्हा जगाला ‘ऑगस्टे डी.’ एवढ्याच खुणेने माहीत असलेल्या बाईंचा चेहरा दिसला.

फाइल सापडली म्हणजे लगेच वाचता आली, असे नाही. अल्झायमरांची टिपणे जुन्या जर्मन वळणाच्या धावत्या लिपीत आहेत, मध्ये मध्ये लॅटिन अक्षरे मिसळलेली. हे वळण जर्मन शाळांतून १९४१ मध्ये हद्दपार झाले. त्यामुळे जर्मन ज्याची मातृभाषा आहे, त्यालाही आजोबांचे पत्र उलगडत नाही. मोडी दप्तरासमोर बसलेल्या मराठी माणसाला ही अडचण समजावून सांगायला नको. भाषा आपली असते, पण अक्षर दाद देत नाही. जाणकाराकडून बाळबोधीत उतरवून घ्यावे, तशी ही पाने आधी आजच्या जर्मन अक्षरांत उतरवावी लागली.

जिथे ही टिपणे लिहिली गेली, ती इमारत आता नाही. शहराबाहेरच्या आफेनश्टाइनच्या माळावर १८६४ मध्ये ती उभी राहिली, ती हाइनरिश हॉफमन या डॉक्टरच्या खटपटीमुळे. मुलांसाठी ‘श्ट्रुव्वेलपेटर’ हे जगभर गाजलेले चित्रपुस्तक लिहिणारा हॉफमन तो हाच. इमारतीचा थाट गॉथिक, म्हणून गावकरी तिला ‘वेड्यांचा किल्ला’ म्हणत. १९३०च्या सुमारास त्या जागी आयजी फार्बेन या रसायन कंपनीचे अवाढव्य कार्यालय झाले, आणि आज तिथे विद्यापीठ आहे. किल्ला गेला, दप्तर उरले.

नोटरीचा मुलगा

अल्झायमरांचा जन्म १४ जून १८६४चा, बव्हेरियातल्या माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट गावचा. वडील नोटरी होते. म्हणजे घरात दस्तऐवज, तारखा आणि साक्षी यांचा वावर. मुलाच्या पुढच्या सवयींचे मूळ त्यात शोधण्याचा मोह होतो, पण पुरावा नाही तिथे मोह आवरलेला बरा. बर्लिन, ट्युबिंगेन आणि व्युर्झबुर्ग या विद्यापीठांत शिक्षण झाले. विद्यार्थीदशेत तलवारीच्या द्वंद्वात गालावर वार बसला आणि त्याचा व्रण आयुष्यभर राहिला. १८८७ची पदवीची प्रबंधिका कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर होती. पुढे ज्या विषयाशी नाव जोडले गेले, त्याची त्यात चाहूलही नाही. सूक्ष्मदर्शक मात्र तेव्हापासून हाती आला.

डिसेंबर १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या ‘किल्ल्यात’ सहायक डॉक्टर म्हणून रुजू झाले. संचालक एमिल सिओली नुकतेच आले होते आणि रुग्णांना बांधून ठेवण्याच्या विरोधात होते. दुसऱ्याच वर्षी फ्रान्ट्स निस्ल आले. चेतापेशी रंगवण्याची जी रीत आजही ‘निस्ल रंजन’ म्हणून ओळखली जाते, ती यांचीच. दिवसभर वॉर्ड आणि रात्री सूक्ष्मदर्शक, असा दोघांचा क्रम पडला. मनोविकार हे मेंदूचे विकार असतील, तर ते मेंदूत दिसले पाहिजेत, या एका वाक्यात त्यांची श्रद्धा सांगता येते. त्या काळी हे दिसणे सर्वांत स्पष्ट होते ते उपदंशाने, म्हणजे गरमीने, मेंदू पोखरल्यावर होणाऱ्या पक्षाघाती वेडात. अल्झायमरांनी सर्वाधिक वर्षे घालवली ती याच रोगावर. १९०४ मध्ये विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळवण्यासाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला, तो अशा १७० रुग्णांच्या मेंदूंवर आधारलेला आहे. ज्या एका रुग्णामुळे ते ओळखले जातात, ती त्यांच्या कामात बराच काळ बाजूची नोंद होती.

यात एक तारीख घरातली आहे. अल्झायमरांनी सेसिलिए गाइझेनहाइमर या श्रीमंत विधवेशी लग्न केले होते. त्यांना तीन मुले झाली. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिलिए वारल्या, तेव्हा धाकटी मुलगी तान्ही होती. अल्झायमरांची बहीण एलिझाबेथ मुलांना सांभाळायला आली. नऊ महिन्यांनी, २५ नोव्हेंबरला, रेल्वेतले कारकून कार्ल डेटर आपल्या बायकोला घेऊन रुग्णालयाच्या दारात उभे राहिले.

पाच दिवसांची प्रश्नोत्तरे

ऑगस्टे डेटर यांचा जन्म १६ मे १८५०, कासेलचा. लग्न १८७३ मध्ये झाले, एक मुलगी होती. नवऱ्याने सांगितलेली हकीकत अशी: बायको नीट होती. मग १९०१ मध्ये तिला संशयाने पछाडले. शेजारणीशी नवऱ्याचे काही आहे असे तिला वाटू लागले. पाठोपाठ विसरणे सुरू झाले, स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, वस्तू लपवून ठेवायची आणि कुठे ठेवल्या ते आठवायचे नाही, उगाचच घरभर येरझारा.

म्हातारपणी असे होते, हे जगाला माहीत होते. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात, ‘म्हातारचळ’ म्हणतात. युरोपातल्या डॉक्टरांचेही मत फार वेगळे नव्हते. वय झाले, रक्तवाहिन्या कडक झाल्या, बुद्धी गेली. पण ही बाई साठीच्याही अलीकडे नऊ वर्षे होती. अल्झायमर तिथे थबकले, ते या वयापाशी.

टिपणांत सुरुवातीला बाई खाटेवर बसल्या आहेत, चेहरा असहाय. नाव विचारले तर म्हणाल्या, ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? तेही बहुधा ऑगस्टेच. किती दिवस झाले इथे येऊन? तीन आठवडे. एक दिवस झाला होता. मग डॉक्टरांनी एकेक वस्तू समोर धरली: पेन्सिल, लेखणी, पैशांचे पाकीट, किल्ली, डायरी, सिगार. सगळ्यांची नावे बरोबर आली. ही सिगार बहुधा त्यांच्याच खिशातली असावी, कारण पुढच्या काळातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत सिगारशिवाय अल्झायमर नाहीतच. वस्तू बाजूला ठेवून त्यांनी विचारले, आत्ता काय दाखवले? बाईंना सांगता येईना.

२९ तारखेची प्रश्नोत्तरे लांब आहेत. बर्फाचा रंग पांढरा, काजळीचा काळा, आकाशाचा निळा, कुरणाचा हिरवा, इथपर्यंत ठीक. साल कोणते? १८००. आजारी आहात का? दुसरा महिना. कोणत्या रस्त्यावर राहता, या प्रश्नावर बाईंनी जरा थांबा म्हटले. मी काय विचारले होते, असे डॉक्टरांनी पुन्हा विचारले, तर उत्तर आले की हे माइन नदीवरचे फ्रँकफर्ट.

यातली एक जागा थांबून वाचण्यासारखी आहे. लग्न कधी झाले, असा प्रश्न आहे. बाई म्हणतात की ते आत्ता सांगता येत नाही, आणि त्याच दमात पुढे म्हणतात, ती बाई त्याच मजल्यावर राहते. कोण बाई? जिथे आम्ही राहतो तिथली. प्रश्न लग्नाचा, उत्तरात शेजारीण. तारीख पुसली गेली होती, पण संशय जागचा हललेला नव्हता. सहा वर्षांनी छापलेल्या लेखात या जागी ‘नवऱ्याबद्दल मत्सराच्या कल्पना’ एवढेच उरले आहे. तो शेरा अचूक आहे. पण मत्सर म्हणजे त्या बाईंच्या डोक्यात नेमके काय चालले होते, ते केसपेपरमध्येच वाचायला मिळते, कारण तिथे डॉक्टरांनी सारांश लिहिला नाही, प्रश्न आणि उत्तर ओळीखाली ओळ लिहीत गेले. आपल्याकडच्या जुन्या न्यायनिवाड्यांत साक्षीदाराची जबानी जशी त्याच्या शब्दांत उतरवलेली असते, तसे. निवाडा पुढे चुकला तरी जबानी उपयोगी पडते.

बिनपगारी प्राध्यापक

१९०२ मध्ये अल्झायमर हायडेलबर्गला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्यापाठोपाठ म्युनिकला. क्रेपेलिन म्हणजे त्या काळच्या मनोविकारशास्त्राचे पहिले नाव. आज स्किझोफ्रेनिया म्हणून ओळखला जाणारा विकार उन्मादी-विषादी विकारापासून वेगळा मांडणारे. त्यांनी अल्झायमरांना प्रयोगशाळा दिली, पण पगाराची जागा नव्हती. सेसिलिए मागे ठेवून गेलेल्या पैशांवर घर चालले आणि प्रयोगशाळेचाही काही भार निघाला. विद्यापीठीय कारकीर्द म्हटली की आपल्यासमोर पदे आणि बढत्या येतात. इथे विज्ञानाच्या इतिहासातले एक मोठे पान लिहिणारा माणूस काही वर्षे पदरमोड करून काम करत होता.

त्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकांची रांग आणि देशोदेशीचे विद्यार्थी होते. इटलीचे पेरुसिनी, बॉनफिल्यो आणि चेर्लेत्ती, स्पेनचे आचुकारो आणि लाफोरा, अमेरिकेतून आलेले सॉलोमन कार्टर फुलर, जे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांतले अगदी पहिले. क्रॉइट्सफेल्ट, याकोब आणि लेव्ही ही पुढे रोगांच्या आणि पेशींतल्या खुणांच्या नावांत जाऊन बसलेली मंडळीही या वर्तुळातली. शिकवण्याची पद्धत अशी की अल्झायमर एकेका विद्यार्थ्याशेजारी बसत, त्याच्या काचपट्टीत डोळा घालत, समजावण्यात गुंगून जात आणि हातातली सिगार तिथेच ठेवून पुढच्याकडे सरकत. संध्याकाळी प्रत्येक सूक्ष्मदर्शकाशेजारी एकेक थोटूक उरलेले असे, असे विद्यार्थी सांगत. केसपेपर वाचल्यावर या आठवणीचे नवल वाटत नाही. खाटेशेजारी बसणारा माणूस तोच होता.

फ्रँकफर्ट सुटले तरी ऑगस्टेबाईंची चौकशी सुटली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी त्या वारल्या. खाटेला खिळल्यामुळे पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या होत्या. वय ५५. सिओलींनी मेंदू आणि केसपेपर म्युनिकला पाठवले.

तीन पाने आणि तीस पाने

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे नैर्ऋत्य जर्मनीतल्या मनोविकारतज्ज्ञांची ३७वी सभा भरली. अध्यक्ष आल्फ्रेड होखे. अल्झायमरांच्या व्याख्यानाचा विषय होता मेंदूच्या सालीचा एक विलक्षण आजार. मेंदूच्या बाहेरच्या थराला जर्मनमध्ये झाडाच्या सालीचाच शब्द आहे. व्याख्यान संपले आणि एकही प्रश्न आला नाही. सभेला रंग चढला तो फ्रॉइडच्या मनोविश्लेषणावरच्या वादात.

व्याख्यानाचा मजकूर १९०७ मध्ये छापून आला. तीन पानांत आटोपलेला, एकही चित्र नसलेला. त्यात बाईंचे नाव नाही, फुलकोबी नाही. घरात वाट न सापडणे, वस्तू इकडून तिकडे ओढणे, डॉक्टरांना पाहुणे समजून ‘काम उरकायचे राहिले’ म्हणून क्षमा मागणे, कपाला दुसऱ्याच भांड्याचे नाव देणे, शेवटी पाय पोटाशी घेऊन पडून राहणे, असा झपाट्याने केलेला सारांश आहे. लेखाचे वजन पुढच्या भागात आहे. बील्शोव्स्की यांनी काही वर्षांपूर्वीच चांदीच्या क्षाराने चेतातंतू रंगवण्याची रीत काढली होती. ती वापरल्यावर अल्झायमरांना पेशींच्या आत एरवी नाजूक असणारे तंतुक जाडजूड झालेले आणि एकमेकांत गुरफटलेले दिसले. काही ठिकाणी पेशी विरघळून गेली होती, आणि इथे कधीकाळी पेशी होती हे केवळ त्या गुंत्यावरून कळत होते. सालीतल्या पाव ते एक तृतीयांश पेशींची हीच अवस्था होती. शिवाय सालीभर एका चमत्कारिक पदार्थाचे बारीक ठिपके साचलेले होते. त्यांच्यासाठी वापरलेले विशेषण लॅटिनमधल्या भरडधान्याच्या दाण्यावरून आलेले आहे. आज आपण गुंत्यांना ‘टँगल’ आणि ठिपक्यांना ‘प्लाक’ म्हणतो.

ठिपके एकट्या अल्झायमरांना दिसले होते असे नाही. त्याच १९०७ मध्ये प्रागच्या ऑस्कर फिशर यांनी म्हातारपणी बुद्धिभ्रंश झालेल्या १६ जणांचे मेंदू तपासून त्यांतल्या १२ जणांत असे ठिपके असल्याचे छापले होते. फिशर यहुदी होते. नाझींच्या कैदेत, टेरेझियेनश्टाटला, १९४२ मध्ये ते वारले आणि त्यांचे नाव कित्येक दशके विस्मरणात गेले.

आता १९१०. क्रेपेलिन यांच्या पाठ्यपुस्तकाची आठवी आवृत्ती निघाली आणि त्यात ‘अल्झायमरचा आजार’ असे शब्द पहिल्यांदा छापले गेले. तोवर तपशिलाने तपासलेले रुग्ण हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके होते. या आजाराचा नेमका अर्थ लागायचा आहे, अशी कबुली क्रेपेलिन तिथेच देतात, आणि तरीही नाव देतात. का, याबद्दल अभ्यासकांत तर्क आहेत. प्रागशी चढाओढ, म्युनिकच्या प्रयोगशाळेची प्रतिष्ठा, मनाचे सगळे आजार बालपणात शोधणाऱ्या फ्रॉइडपंथीयांना मेंदूतला पुरावा दाखवण्याची निकड. एकच कारण ठामपणे पुढे करता येईल असे कागद बोलत नाहीत.

ज्यांचे नाव दिले ते काय म्हणत होते, हे मात्र छापील आहे. १९११ मध्ये अल्झायमरांनी उतारवयातल्या विलक्षण आजारांवर तीस पानांचा लेख लिहिला. त्यात योहान एफ. या मजुराची केस आहे. वय ५६, नोव्हेंबर १९०७ मध्ये म्युनिकला दाखल, १९१० मध्ये मृत्यू. याच्या मेंदूत ठिपके मुबलक होते, गुंते नव्हते. ज्या दोन खुणांवर नवा आजार उभा केला होता, त्यांतली एक गैरहजर. अल्झायमरांनी ही अडचण झाकली नाही. फिशर यांचे काम विचारात घेतले. आणि या रुग्णांना वेगळ्याच रोगप्रक्रियेचे मानायला पुरेसा आधार नाही, ती म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशाचीच वेगळ्या वळणाची रूपे असावीत, अशा निष्कर्षाकडे ते झुकले.

व्याख्यानाच्या तीन पानांवरून नाव पडले आणि शंकेला तीस पाने लागली. जगाने नाव घेतले, शंका तिथेच राहिली. पुढची पन्नास-साठ वर्षे ‘अल्झायमर’ म्हणजे तरुण वयातला दुर्मीळ रोग, आणि सत्तरी-ऐंशीतले विसरणे म्हणजे नुसते म्हातारपण, अशी वाटणी पाठ्यपुस्तकांत चालत राहिली. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्धांच्या मेंदूतले ठिपके मोजले, आणि ठिपके जितके जास्त तितका बुद्धिभ्रंश अधिक, असा संबंध दाखवला. १९७६ मध्ये अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी उघडपणे लिहिले की ही वाटणी टिकणारी नाही, दोन्ही आजार एकच. म्हणजे १९११ची शंका ६५ वर्षांनी दारात परत आली. एका परीने शंकेचा जय झाला. पण त्या जयातच नावाचाही जय झाला, कारण एकत्र केलेल्या आजाराला नाव अल्झायमरांचेच उरले, आणि एक दुर्मीळ रोग बघता बघता कोट्यवधींचा झाला.

ब्रेस्लाऊची गाडी

जुलै १९१२ मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म याच्या सहीने अल्झायमरांची ब्रेस्लाऊ विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक आणि मनोविकार व मज्जाविकार चिकित्सालयाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. वयाच्या ४८व्या वर्षी अखेर पूर्ण पद, स्वतःचा विभाग. रुजू व्हायला निघालेले अल्झायमर आगगाडीतच आजारी पडले. आजार हृदयापर्यंत पोचला आणि त्यातून ते पुरते सावरले नाहीत. तीन वर्षे त्यांनी विभाग रेटला. युद्ध सुरू झाले, विद्यार्थी पांगले. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते वारले आणि फ्रँकफर्टच्या स्मशानभूमीत सेसिलिए यांच्या शेजारी त्यांना पुरले. वय ५१. पुढे ब्रेस्लाऊ पोलंडमध्ये गेले आणि व्रोत्स्वाफ झाले.

काचा बोलल्या, आणि भांडल्याही

फाइल सापडेपर्यंत एक प्रश्न अधूनमधून डोके वर काढत असे: ऑगस्टेबाईंना खरेच हाच आजार होता का? १९०७च्या लेखात मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याचा उल्लेख आहे. मग बुद्धिभ्रंश त्याने झाला नसेल कशावरून? कुणी एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचेही नाव घेतले. नुसत्या छापील मजकुरावर याचा निकाल लागण्यासारखा नव्हता.

निकाल लावला काचपट्ट्यांनी. म्युनिकमध्ये मान्युएल ग्रेबर आणि सहकाऱ्यांना आधी योहान एफ.च्या आणि नंतर ऑगस्टेबाईंच्या मेंदूच्या मूळ काचपट्ट्या सापडल्या. ऑगस्टेबाईंच्या अडीचशेहून अधिक. १९९७-९८ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापले गेले. ऑगस्टेबाईंच्या काचांवर गुंतेही होते, ठिपकेही होते. योहानच्या काचांवर ठिपके होते आणि गुंते नव्हते. १९११ मध्ये अल्झायमरांनी लिहिले होते ते तंतोतंत.

मग पाळी आली जनुकांची. तरुण वयात हा आजार होण्यामागे काही घराण्यांत विशिष्ट जनुकांतले बदल असतात. २०१३ मध्ये एका गटाने काचेवरच्या चकतीतून डीएनए काढून प्रेसेनिलिन-१ या जनुकात असा बदल आढळल्याचे छापले. कोडे सुटले, असे वाटले. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने, ज्यात स्वतः माउरर होते, पुन्हा तपासणी केली आणि तो बदल त्यांना मिळाला नाही. शतकभर जुन्या, रसायनांत मुरलेल्या चकतीतले डीएनए तुकड्या-तुकड्यांचे असते. त्यातून एक अक्षर नक्की वाचणे म्हणजे वाळवी लागलेल्या कागदावरचा अनुस्वार ओळखणे. या वादात दोन्ही बाजूंच्या हाती अल्झायमरांनीच जपलेले साहित्य आहे. आपल्याला खोटे ठरवता येईल इतका पुरावा मागे ठेवणारा संशोधक दुसऱ्यांनाही चुकांपासून वाचवतो.

‘फ्राउ’

शेवटी पुन्हा त्या ३२ पानांकडे. ऑगस्टेबाईंचे एक वाक्य आज जगभर उद्धृत होते: मी मलाच हरवून बसले आहे. व्याख्यानांत, पुस्तकांच्या पाठीवर ते असे येते, जणू स्मृती गमावलेल्या माणसाने शांतपणे बसून काढलेला आयुष्याचा अर्थ. केसपेपरमध्ये ते वाक्य कुठे आहे, ते पाहिले पाहिजे.

अल्झायमरांनी बाईंना लिहायला सांगितले होते. स्वतःचेच नाव, पूर्ण: श्रीमती ऑगस्टे, आणि आडनाव. त्यांनी ‘फ्राउ’, म्हणजे ‘श्रीमती’, एवढे लिहिले आणि पुढे काय लिहायचे ते विसरल्या. डॉक्टरांनी पुढचा शब्द सांगितला. शब्दाशब्दाला सांगावे लागले. हात पुढे जाईना, आणि तेव्हा त्या तेच तेच म्हणत राहिल्या. तत्त्वचिंतन त्यात शोधू नये. समोर कागद आहे, हातात लेखणी आहे, आणि ज्या नावाने आयुष्यभर हाक मारली गेली ते नाव कागदावर उतरत नाही, याची ती तक्रार आहे. कुठल्याही बाईने स्वयंपाकघरात उभे राहून, किल्ली सापडेना म्हणून करावी, तशी. एवढेच की इथे न सापडणारी वस्तू त्या स्वतः होत्या.

अल्झायमरांनी या अडखळण्याला स्मृतिभ्रंशामुळे आलेला लेखनदोष असे शास्त्रीय नाव दिले. पण नाव देऊन ते कागद टाकून देऊ शकले असते. त्यांनी तो अर्धामुर्धा कागद तारखेसकट फाइलीत लावून ठेवला. बाकी सारी फाइल ऑगस्टेबाईंबद्दल आहे. तो एक कागद त्यांच्या हातचा आहे.